लंडनच्या मोरीवरचा पोरगा

नमस्कार श्रोतेहो, जेवणं झाली का? नसतील झाली तर जेवता जेवता ऐका, कारण आजची गोष्ट स्वयंपाकघरातलीच आहे, माणूस मोठा, व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह, पण गोष्ट मात्र खरकट्याची.

हो ची मिन्ह म्हटलं की आपल्याला ती पांढरी विरळ दाढी आणि अमेरिकेशी झालेलं युद्ध आठवतं, बास. पण हा माणूस त्याआधी तीस वर्षं देशाबाहेर होता. परत सांगतो, तीस वर्षं. १९११ला गेला तो १९४१ला परत आला, आणि जाताना २१ वर्षांचा पोरगा होता.

तेव्हाचं नाव न्यूएन तात थान्ह. ५ जून १९११ला सायगॉनच्या बंदरातून एका फ्रेंच बोटीवर चढला, नाव सांगितलं ‘बा’, आणि काम मिळालं भटारखान्यात. भाज्या निवडा, भांडी घासा, फरशी पुसा. निघायच्या आधी एका मित्राने विचारलं म्हणे, अरे पैसे कुठून आणणार, तर याने दोन्ही हात पुढे केले, हे काय पैसे.

बोट लागली फ्रान्समधल्या मार्सेयला. आता मार्सेय म्हटलं की आपल्या मराठी माणसाला पहिलं काय आठवतं? सावरकरांची उडी. ती जुलै १९१०ची, आणि बरोब्बर पुढच्या जुलैत हा तिथे उतरला. एकाच बंदराच्या या दोन गोष्टी शाळेत शेजारी शेजारी शिकवल्या असत्या तर मजा आली असती, पण आपल्याकडे इतिहास म्हंजे सनावळ्या, असो. तर मार्सेयच्या कॅफेत गेल्यावर वेटर चक्क ‘मस्यू’ म्हणाला, म्हंजे साहेब! तिकडे मायदेशी, म्हंजे फ्रेंचांच्या वसाहतीत, फ्रेंच लोक याच्या माणसांना साहेब सोडा, अरेतुरे करायचे. तिथे पहिल्यांदा डोक्यात आलं की घरचे फ्रेंच वेगळे आणि वसाहतीतले वेगळे. गंमत म्हंजे त्याच वर्षी त्याने सरकारी अधिकारी तयार करणाऱ्या फ्रेंच शाळेत अर्जही केला होता, तो नामंजूर झाला. झाला असता मंजूर तर?

बरं, आता माझी आवडती गोष्ट. १९१३ च्या सुमारास हा लंडनला. आधी कुठे शाळेच्या आवारातला बर्फ ओढ, कुठे तळघरात भट्टीत कोळसा घाल, असं करत करत पोचला कार्ल्टन हॉटेलात, भांडी घासायला. कार्ल्टन म्हंजे श्रीमंतांचं हॉटेल, आणि तिथला मुख्य शेफ कोण, तर ऑगस्त एस्कॉफिए, पीच मेल्बा हा गोड पदार्थ ज्याने काढला तो, त्या काळचा युरोपातला सगळ्यात नावाजलेला आचारी.

तर जेवणं उठली की ताटं मागे यायची, आणि ताटात काय, तर पाव कोंबडी तशीच, मांसाचे मोठमोठे तुकडे, सुरीसुद्धा न लागलेले. बाकीची पोरं सगळं सरळ कचऱ्याच्या पिंपात ओतायची. हा मात्र चांगले तुकडे वेगळे काढायचा, स्वच्छ थाळीत मांडायचा आणि स्वयंपाकघरात परत पाठवायचा. रोज. एक दिवस एस्कॉफिएच्या नजरेला आलं, म्हातारा येऊन उभा राहिला, का रे, तू का नाही फेकत? हा म्हणाला, फेकायचं कशाला, गरिबांना द्या की.

म्हातारा हसला. म्हणाला, तुझे ते क्रांतीचे विचार घटकाभर बाजूला ठेव, मी तुला स्वयंपाक शिकवतो, पैसा मिळेल. आणि मोरीवरून उचलून त्याला थेट केकच्या विभागात घातलं, पगारही वाढवला.

आता ही गोष्ट ज्या चरित्रात येते ते टोपणनावाने हो ची मिन्ह यांनी स्वतःच लिहिलं असं बरेच अभ्यासक म्हणतात, म्हंजे थोडं तिखटमीठ असणारच. असू दे. मला ती पटते, कारण आमच्या आजीचं एकच म्हणणं असायचं, पानात टाकायचं नाही. परवा एका लग्नात बुफेला पाहिलं, जिलब्या, पनीर, अख्खी ताटंच्या ताटं पिंपात, आणि वर हौसेने फोटो. पंगत होती तेव्हा वाढपी विचारून तरी वाढायचा हो! जाऊ दे, विषय भलतीकडे गेला.

सांगायचं काय, तर साम्राज्य म्हंजे काय हे या पोराने मोरीवर पाहिलं. मोरीवर, मंडळी. वाचन नंतर, आधी खरकटं.

पुढचं भराभर सांगतो, वेळ कमी उरलाय. पॅरिसला गेला, फोटो रिटच करून पोट भरलं. १९१९ला महायुद्धानंतरच्या तहाच्या वेळी आठ मागण्यांचं निवेदन दिलं, सही न्यूएन आय क्वोक, म्हंजे देशभक्त न्यूएन. मागण्या साध्याच, छापायचं स्वातंत्र्य द्या, कायदा सगळ्यांना सारखा लावा. कुणी दखल घेतली नाही. मग लेनिन वाचला, आणि १९२०च्या डिसेंबरात फ्रेंच कम्युनिस्ट पक्ष निघाला तेव्हा हा संस्थापकांमध्ये होता. पुढे २ सप्टेंबर १९४५ला हनोईत स्वातंत्र्याची घोषणा केली, ती सुरू कशी केली, तर अमेरिकेच्या जाहीरनाम्यातल्या ओळींनी, आणि लगेच फ्रेंचांच्या. तुमचंच लिहिलेलं तुम्हालाच वाचून दाखवलं!

ते कार्ल्टन आता नाही, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले आणि नंतर पाडलंच. त्या जागी न्यूझीलंड हाऊस उभं आहे, हेमार्केटला, आणि भिंतीवर एक निळी पाटी आहे: आधुनिक व्हिएतनामचे संस्थापक हो ची मिन्ह यांनी १९१३ मध्ये या जागेवरच्या कार्ल्टन हॉटेलात काम केलं. काय काम, ते पाटीवर लिहिलेलं नाही.