बिनतारणी, बिनव्याजी दोन कोटी

श्रोतेहो, नमस्कार.

‘पुण्यातल्या स्टार्टअपला इतक्या कोटींचं फंडिंग’ अशी बातमी हल्ली आठवड्याला एखादी तरी येतेच. बाणेर नाहीतर खराडीचं ऑफिस, टी-शर्टातली चार मुलं हसत उभी. आणि घरोघरी प्रश्न तोच, हे पैसे देतं कोण, आणि का देतं? देणाऱ्यांना म्हणतात व्हेंचर कॅपिटल फर्म, थोडक्यात व्हीसी. कंपनीत जेमतेम पाच-सात माणसं आणि दोन-तीन गिऱ्हाइकं असतात, तेव्हाच पैसे घालणारे जे व्हीसी, त्यांच्याबद्दल आज बोलू.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. हे कर्ज नाही, भागीदारी आहे. पुन्हा सांगतो, कर्ज नाही, भागीदारी.

व्हीसीकडचा बराचसा पैसाही दुसऱ्यांचाच असतो. मोठ्या संस्था, पैसेवाली घराणी यांच्याकडून तो गोळा होतो. आपल्याकडे सेबीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अशा फंडात एका गुंतवणूकदाराला सहसा किमान १ कोटी घालावे लागतात, तेव्हा आपल्या एसआयपीचं हे काम नव्हे. फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षं. चालवणाऱ्यांना वर्षाला सुमारे २ टक्के खर्चापोटी, आणि नफा झालाच तर त्यातले २० टक्के, अशी जगभरची रूढ वाटणी. बाकीचं राहू द्या, मला तुम्हाला कर्वेनगरातली गोष्ट सांगायची आहे.

माझं काम हिशेबाचं. एका ओळखीच्या मुलीने कंपनी काढली होती. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांतल्या मशिनींना सेन्सर लावायचा, बेअरिंगची थरथर मोजायची आणि बेअरिंग जायच्या आधीच मालकाच्या मोबाइलवर निरोप पाठवायचा. काम चोख. एक व्हीसी २ कोटी द्यायला तयार झाला, बदल्यात कंपनीचा २० टक्के हिस्सा. फर्मचा माणूस मूळचा नाशिकचा, आता बंगळुरूला असतो. तो म्हणाला, कॅफेत भेटू. मुलीचे वडील म्हणाले, घरी या. (माझंही मत तेच. कॅफेत एका कॉफीवर तीन तास बसून ठरलेल्या सौद्यांपेक्षा अमृततुल्यात उभ्या उभ्या ठरलेले सौदे जास्त टिकतात. पुरावा मागू नका.)

वडील सहकारी बँकेच्या कर्ज खात्यातून निवृत्त झालेले. पोहे आले, पाणी आलं, आणि काकांनी सुरुवात केली.

“तारण काय घेणार?”

“काही नाही, काका.”

“व्याज?”

“तेही नाही.”

“हप्ता?”

“नाही.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “मग पैसे बुडाले तर?”

“बुडाले तर बुडाले. आम्ही पंचवीस-तीस कंपन्यांत पैसे घालतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त बुडणार, हे धरूनच चालतो.”

“आमच्या बँकेत कुणी असं बोललं असतं,” काका म्हणाले, “तर दुसऱ्या दिवशी चौकशी लागली असती.”

मग त्यांनी टर्मशीट मागितली. अटींचा हा कागद आठ पानांचा होता. लाल पेन हातात घेऊन एकेक ओळ. पाचव्या पानावर पेन थांबलं. लिक्विडेशन प्रेफरन्स. म्हणजे उद्या कंपनी विकली, तर व्हीसीने आपले २ कोटी आधी काढून घ्यायचे.

“हे ठीक,” काका म्हणाले. “पाहुण्यांची पंगत आधी. पण इथे ‘पार्टिसिपेटिंग’ लिहिलंय. म्हणजे पहिल्या पंगतीला जेवून पुन्हा घरच्यांच्या पंगतीलाही बसणार?”

नाशिककर पोहे खाता खाता थांबला.

काकांनी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हिशेब मांडला. आकडे नीट ऐका. समजा, कंपनी ५० कोटींना विकली गेली. साध्या अटीत व्हीसीने एकच काहीतरी निवडायचं, आपले २ कोटी किंवा आपला २० टक्के हिस्सा. तो अर्थातच हिस्सा घेणार, म्हणजे १० कोटी. पार्टिसिपेटिंग असेल तर आधी २ कोटी, वर उरलेल्या ४८ कोटींतले २० टक्के, म्हणजे ९ कोटी ६० लाख. एकूण ११ कोटी ६० लाख. त्या एका कलमाची किंमत १ कोटी ६० लाख! आणि कंपनी जेमतेम ३ कोटींना गेली, तर साध्या अटीत बाकीच्यांना १ कोटी मिळतात, या अटीत ८० लाख.

मुलगी वडिलांकडे बघतच राहिली. तिने तो कागद वाचला होता, तिच्या मित्रांनीही वाचला होता. नाशिककर गॅलरीत जाऊन फोनवर बोलून आला आणि म्हणाला, “काढतो ते.” काकांनी तिथल्या तिथे लाल रेघ मारून घेतली आणि मगच चहा सांगितला.

आता राहिला प्रश्न, निम्म्या बुडणार हे माहीत असून धंदा चालतो कसा? एकाच आकड्यात सांगतो. १९५७ साली अमेरिकेत एआरडी नावाच्या फर्मने डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीत ७० हजार डॉलर घालून सुमारे ७० टक्के हिस्सा घेतला. पुढे त्या हिश्श्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. अशी एक लागली की बाकीच्या बुडलेल्यांचं सगळं भरून निघतं. म्हणून व्हीसी तुमचा धंदा चांगला आहे का, एवढंच बघत नाही. तो शंभरपट होईल का, हे बघतो. चितळ्यांच्या बाकरवडीसारखा उत्तम, दमदार धंदा उभा करायचा असेल, तर दरवेळी व्हीसी लागतोच असं नाही.

आपल्या पुण्याचेच कैलास काटकर बघा. कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकट्या भावाने, संजय यांनी, अँटिव्हायरस लिहिला आणि क्विक हील उभी राहिली. सिकोया या व्हीसी फर्मचे ६० कोटी आले ते २०१० साली, म्हणजे माल बाजारात येऊन दीड दशक झाल्यावर. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. तोवर गिऱ्हाइकांच्याच पैशांवर बरीचशी वाट कापून झाली होती. आणि हो, फंडिंग मिळालं म्हणून पेढे वाटायची पद्धत मला मुळीच पसंत नाही. फंडिंग म्हणजे नफा नव्हे. हिस्सा विकून आलेले पैसे आहेत ते.

व्हीसीला संचालक मंडळावर मिळणाऱ्या खुर्चीचं आणि ईसॉपचं, म्हणजे नोकरांना कंपनीचे शेअर द्यायच्या योजनेचं, राहूनच गेलं. काकांनी त्यावरही त्या दिवशी तासभर घेतला होता, ते पुढच्या भागात. तोवर कुणाच्या घरी टर्मशीट आलीच, तर सहीआधी वकिलाला दाखवा, आणि घरात निवृत्त बँकवाले असतील तर त्यांना लाल पेन द्या. नमस्कार.