पाण्यापलीकडून पाहिलेले कान

(दृश्य: पहाट. जुन्या बंदरात नांगरलेल्या होड्या. मागे टेकडीवर दगडी बुरूज.)

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या शहराचे नाव आपल्याकडे बहुधा ‘कान्स’ असे छापले जाते. इथे राहणारी माणसे मात्र शेवटचा ‘स’ उच्चारत नाहीत. त्यांच्या तोंडी ते नुसते ‘कान’ आहे, आणि या निवेदनातही आपण तेच नाव वापरणार आहोत. मे महिन्यात चित्रपट महोत्सवाच्या जेमतेम दोन आठवड्यांसाठी जगभरचे कॅमेरे या शहराकडे वळतात आणि एका इमारतीच्या चोवीस पायऱ्यांवर अंथरलेल्या लाल गालिच्यावर खिळून राहतात. त्या पायऱ्यांवरून नजर काढून समुद्राकडे वळवली, तर निळ्या पाण्यात दोन सखल, झाडांनी झाकलेली बेटे दिसतात. या शहराचा इतिहास त्या बेटांवर सुरू झाला, म्हणून आपणही शहरात पाऊल टाकण्याआधी बंदराच्या पश्चिम टोकाकडून सुटणाऱ्या होडीत बसणार आहोत.

(दृश्य: होडी बंदराबाहेर पडते. किनाऱ्यावरची पांढरी हॉटेले लहान होत जातात.)

या द्वीपसमूहाला लेरँ म्हणतात. त्यातले दूरचे आणि लहान बेट सँ-ओनोरा, म्हणजे संत ओनोराचे. पाचव्या शतकाच्या आरंभी, इसवी सन 410 च्या सुमारास, ओनोरा नावाचा साधू एकांत शोधत या निर्जन बेटावर आला. बेट सापांनी भरलेले होते, अशी आख्यायिका आहे. ओनोराने देवाची करुणा भाकली तेव्हा समुद्राने बेटावर चाल करून सगळे साप वाहून नेले, आणि पाणी ओसरेपर्यंत तो एका ताडाच्या झाडावर चढून बसला, असे इथे सांगतात. शहराच्या मानचिन्हात निळ्या ढालीवर जी झावळी दिसते तिचा संबंध याच झाडाशी जोडला जातो. आणि 1955 पासून चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम चित्रपटाला जी सोन्याची झावळी दिली जाते, ती याच मानचिन्हावरून घेतलेली आहे. जगातल्या सर्वांत झगमगीत पुरस्काराचे मूळ एका विरक्त माणसाच्या झाडाशी जाऊन पोहोचते, हे बेटावर उतरल्यावर अधिकच जाणवते, कारण इथे झुडुपांतला वारा आणि मठाची घंटा यांखेरीज फारसे काही ऐकू येत नाही.

ओनोराच्या मागोमाग शिष्य आले आणि मठ उभा राहिला. पुढच्या काही शतकांत या लहानशा बेटाने पश्चिम युरोपला अनेक बिशप आणि विद्वान दिले. समुद्राकाठचे वैभव समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंना नेहमीच दिसते. आठव्या शतकातल्या एका हल्ल्यात मठाधिपती आणि त्याचे कित्येक साधू मारले गेले. पुन्हा पुन्हा होणाऱ्या या हल्ल्यांमुळेच अकराव्या शतकात, 1073 च्या सुमारास, साधूंनी बेटाच्या दक्षिण टोकाला पाण्याच्या अगदी कडेला एक तटबंद मठ बांधायला घेतला. तो आजही उभा आहे. बाहेरून तो किल्ल्याचा बुरूज वाटतो, पण आत शिरल्यावर मधोमध चौक आणि त्याच्या चहूबाजूंनी खांबांच्या दुमजली ओवऱ्या लागतात. जंजिऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पाण्यातले किल्ले पाहिलेल्या मराठी माणसाला समुद्रातली तटबंदी नवी नाही. पण तटाच्या आत तोफा आणि दारूकोठाराऐवजी प्रार्थनागृह आणि ग्रंथालय असलेला किल्ला आपल्या पाहण्यात क्वचितच येतो.

(दृश्य: द्राक्षांचे मळे. पांढऱ्या वस्त्रातला एक साधू ओळींमधून चालतो आहे.)

अठराव्या शतकाच्या अखेरीस मठ बंद झाला. फ्रेंच राज्यक्रांतीत बेट विकले गेले, आणि पॅरिसच्या रंगभूमीवर नाव मिळवलेली एक अभिनेत्री काही वर्षे इथे राहिली. चित्रपटांचे तारे या किनाऱ्यावर येण्याच्या दीड शतक आधी एक नटी या साधूंच्या बेटावर राहून गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे 1869 मध्ये सिस्टर्शियन पंथाचे साधू आले आणि ते आजतागायत इथेच आहेत. ते द्राक्षे पिकवतात, वाइन आणि वनस्पतींचे सुगंधी मद्य तयार करतात, आणि पहाटे उजाडण्यापूर्वी उठून दिवसाची पहिली प्रार्थना गातात.

किनाऱ्याला जवळचे आणि आकाराने मोठे बेट सँत-मार्गरीत. पाइन आणि निलगिरीच्या झाडीतून जाणारी पाऊलवाट आपल्याला एका किल्ल्यापाशी आणते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात या किल्ल्याचा तुरुंग झाला. 1687 मध्ये इथे एका कैद्याला आणले गेले. त्याचा चेहरा कोणालाही दिसू नये, अशी सक्त ताकीद होती. अकरा वर्षांनी, 1698 मध्ये, त्याला पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात हलवण्यात आले आणि 1703 मध्ये तो तिथेच मरण पावला. लोखंडी मुखवट्यातला माणूस म्हणून पुढे जो जगप्रसिद्ध झाला, तो हाच. मुखवटा बहुधा मखमलीचा होता आणि लोखंड पुढच्या पिढ्यांच्या कल्पनाशक्तीने घातले, असे अभ्यासक मानतात. त्याची कोठडी पाहता येते. भिंती जाड आहेत, आणि खिडकीला एकामागे एक अशा गजांच्या तीन जाळ्या आहेत. त्या जाळ्यांतून समुद्र दिसतो आणि समुद्राच्या पलीकडे किनारा दिसतो.

याच तुरुंगात केवळ आपल्या प्रॉटेस्टंट श्रद्धेपायी कोंडलेले धर्मोपदेशक होते, आणि एकोणिसाव्या शतकात, 1843 नंतर, अल्जीरियातून पकडून आणलेली शेकडो माणसे होती. फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या अमीर अब्दुल कादिरच्या छावणीतली ही माणसे. त्यांत बायका आणि मुलेही होती. त्यांतले जे परत जाऊ शकले नाहीत, त्यांच्या कबरी आजही बेटावरच्या झाडीत आहेत: जमिनीत रोवलेल्या साध्या दगडांची रिंगणे, ज्यांवर नावे नाहीत. होडीने येणारे बहुतेक प्रवासी मुखवट्याची कोठडी पाहून परततात. ज्याला जमेल त्याने आणखी थोडे चालून या दगडांपाशी क्षणभर उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

(दृश्य: होडी परत फिरते. समोर सुकेची टेकडी.)

आता आपण शहराकडे निघालो आहोत, आणि पाण्यावरून पाहताना त्याची घडण स्पष्ट होते. डाव्या हाताला दिसणारी टेकडी म्हणजे ल सुके, म्हणजेच मूळचे कान. टेकडीवरचा चौकोनी बुरूज लेरँच्या साधूंनीच बांधला, कारण कित्येक शतके हे गाव त्यांच्याच मालकीचे होते. कोळ्यांची अरुंद घरे, पायऱ्यांच्या गल्ल्या आणि माथ्यावरचे चर्च एवढाच त्याचा विस्तार होता. टेकडीच्या पायथ्याशी फोरव्हिल नावाचा मंडईचा मोठा आडोसा आहे, आणि सकाळी तिथे मासळी, भाजी आणि फुले यांची जी गर्दी उसळते, तिच्यात या गावाचा मूळ स्वभाव सापडतो. हरभऱ्याच्या पिठाचा, मोठ्या तव्यावर भाजलेला ‘सोका’ नावाचा एक पदार्थ इथे कागदात गुंडाळून मिळतो. तो खाताना बेसनाच्या धिरड्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

या कोळीवाड्याचे भाग्य बदलले ते एका अडवलेल्या प्रवासामुळे. 1834 च्या हिवाळ्यात हेन्री ब्रूम हा इंग्रज गृहस्थ आपल्या आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाला होता. तो काही साधा प्रवासी नव्हता. नुकताच तो इंग्लंडच्या लॉर्ड चॅन्सेलरच्या पदावरून उतरला होता आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यातला एक मोठा वक्ता म्हणून त्याची ख्याती होती. तेव्हा नीस शहर फ्रान्सचे नव्हते. ते सार्डिनियाच्या राज्यात मोडत होते, आणि दोन राज्यांची सीमा व्हार नदीवर होती. फ्रान्सच्या या भागात कॉलऱ्याची साथ असल्याने सार्डिनियाने सीमा बंद केली होती, आणि इंग्लंडच्या या माजी मंत्र्यालाही कोणी पलीकडे जाऊ दिले नाही. तो मागे फिरला आणि कानच्या एका खाणावळवजा सराईत उतरला. हवा त्याला मानवली आणि समोरचा समुद्र आवडला. थोड्याच काळात त्याने इथे जमीन घेतली आणि मुलीच्या नावाने बंगला बांधला: एलेओनोर-लुईझ. ती मुलगी 1839 मध्ये, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, वारली. ब्रूम मात्र दर हिवाळ्यात इथे येत राहिला. गावाला धक्का बांधून मिळावा म्हणून त्याने फ्रान्सच्या राजाकडे आपले वजन खर्च केले, आणि 1868 मध्ये याच गावात देह ठेवला. त्याची कबर इथल्या ग्रां-जा दफनभूमीत आहे.

ब्रूमच्या पाठोपाठ इंग्रज उमराव आले, त्यांच्यामागे रशियन राजघराण्यातली माणसे आली, आणि 1863 मध्ये रेल्वे आल्यावर हा ओघ वाढतच गेला. एक गोष्ट आज ध्यानात येत नाही, ती अशी की हे सारे पाहुणे हिवाळ्यात येत आणि उन्हाळा लागला की निघून जात. त्यांतल्या अनेकांना क्षयाने ग्रासलेले होते आणि कोवळे ऊन हेच त्यांचे औषध होते. व्हिक्टोरिया राणीचा धाकटा मुलगा लिओपोल्ड 1884 मध्ये इथेच वारला, आणि फ्रान्समधल्या जुन्या वास्तूंच्या जतनासाठी आयुष्य वेचणारा लेखक प्रॉस्पेर मेरिमे यानेही 1870 मध्ये इथेच अखेरचा श्वास घेतला. उन्हाळ्यात वाळूवर पडून अंग रापवण्याची रीत पहिल्या महायुद्धानंतर रुजली. आज ज्या किनाऱ्यावर तारुण्य आणि आरोग्य मिरवते, तो किनारा आधी आजाऱ्यांनी वसवला.

(दृश्य: क्रुआझेतचा सागरी रस्ता. कार्लटन हॉटेलचे दोन घुमट.)

बंदरापासून पूर्वेकडे जाणारा, ताडांच्या रांगांनी सजलेला रस्ता म्हणजे क्रुआझेत. पूर्वी या भूशिराच्या टोकाशी एक लहानसा क्रूस उभा होता आणि त्याच्यावरून हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेल्या कार्लटन हॉटेलचा पांढरा दर्शनी भाग या रस्त्याची ओळख बनला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपची घडी बसवण्यासाठी जानेवारी 1922 मध्ये मित्रराष्ट्रांचे पुढारी कानमध्येच जमले होते. दुकाने, गाड्या आणि नौका यांचे वर्णन करण्याचे कारण नाही. ते सारे आपोआप दिसते.

महोत्सवाचा जन्म मात्र नीट सांगितला पाहिजे. 1938 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नाझी जर्मनी आणि फॅसिस्ट इटली यांच्या दबावाखाली पुरस्कार दिले गेले, तेव्हा फ्रान्सचे शिक्षणमंत्री जाँ झे यांनी स्वतंत्र राष्ट्रांसाठी स्वतंत्र महोत्सव भरवण्याच्या योजनेला बळ दिले. जागा म्हणून कान ठरले आणि उद्घाटनाची तारीख ठरली 1 सप्टेंबर 1939. त्याच पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. महोत्सव झाला नाही, आणि जाँ झे यांना 1944 मध्ये नाझींच्या फ्रेंच हस्तकांनी ठार केले. त्यांना जे पाहायचे होते ते सप्टेंबर 1946 मध्ये प्रत्यक्षात आले. लाल गालिच्याखाली ही एक राजकीय भूमिका आहे, आणि ती विसरून या पायऱ्यांकडे पाहणे जाँ झे यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

त्या पहिल्याच महोत्सवात सर्वोच्च सन्मान अनेक देशांत वाटला गेला, आणि त्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता. भारत तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता. 1952 मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ इथल्या स्पर्धेत आला. पेशवाईतल्या होनाजी बाळा या शाहिराची ही कथा. त्यातली ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी महाराष्ट्रात आजही पहाटे ऐकू येते. ती चाल या किनाऱ्यावरच्या एका सभागृहात वाजली, त्या वेळी समोरच्या बेटावरचे साधू आपापल्या भाषेतली पहाटेची प्रार्थना गातच होते. आणि 2024 मध्ये पायल कपाडिया यांच्या चित्रपटाने महोत्सवातला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान, ग्रां प्री, मिळवला. तीस वर्षांनी मुख्य स्पर्धेत पोहोचलेला हा भारतीय चित्रपट मुंबईच्या रुग्णालयात राबणाऱ्या स्त्रियांचा आहे. त्यांतली एक, छाया कदम यांनी साकारलेली पार्वती, बिल्डरने राहते घर हिरावल्यावर कोकणात आपल्या गावी परतते, आणि चित्रपटाचा शेवट तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर होतो. भूमध्य समुद्राच्या काठी बसलेल्या प्रेक्षकांनी पडद्यावर अरबी समुद्र पाहिला.

(दृश्य: संध्याकाळ. सुकेच्या बुरुजावरून बंदर, क्रुआझेत आणि बेटे एकाच चौकटीत.)

दिवस मावळताना सुकेच्या माथ्यावर चढून यावे. उजव्या हाताला एस्तेरेलचे तांबडे डोंगर काळवंडू लागतात, खाली क्रुआझेतवर दिव्यांची रांग पेटते, आणि समोरच्या बेटांकडून दिवसाची शेवटची होडी प्रवाशांना घेऊन परत येते. साधू मात्र तिकडेच राहतात. शहराच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर बराच दूर पसरतो, आणि त्याच्या पलीकडे सँ-ओनोराचा तटबंद मठ अंधारात हळूहळू विरून जातो.