घंटेनंतरचा तास

नमस्कार मंडळी. मुलग्यांच्या कनिष्ठ शाळेत, म्हणजे साधारण सात ते अकरा या वयात, शाळा सुटल्यावर जे क्लब आणि छंदवर्ग चालतात, त्यांच्यावर बोलायला मला सांगितलंय. असे वर्ग मी बरीच वर्षं घेतले. बुद्धिबळ, हस्तकला, ग्लायडर (हाताने फेकायची, बिनइंजिनाची छोटी विमानं), आणि एक वर्ष नाइलाजाने फुटबॉलसुद्धा. फुटबॉलबद्दल कृपया विचारू नका.

सुरुवात माझ्या फजितीपासूनच करतो. बुद्धिबळाचा क्लब सुरू केला तेव्हा पहिल्या आठवड्यात सव्वीस पोरं आली. गोंगाट इतका, की शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या. मला वाटलं, याला जरा शिस्त हवी. म्हणून भिंतीवर नावांची एक शिडी लावली. जिंकलं की एक पायरी वर, हरलं की एक खाली, आणि महिन्याच्या शेवटी वरच्याला चषक. सहामाहीपर्यंत वर्ग अगदी शांत झाला, कारण नऊच जण उरले होते. आणि ते कोण, तर शिडीवरचे वरचे नऊ.

गेलेल्यांत एक मुलगा होता, त्याला घोडा फार आवडायचा. वजीर गेला तरी चालेल, घोडा वाचला पाहिजे, असा त्याचा खेळ. अर्थातच तो हरायचा, पण हरताना हसायचा. व्हरांड्यात गाठून विचारलं, तर म्हणाला, "सर, माझं नाव सगळ्यांत खाली असतं. आईला न्यायला आली की दिसतं." बस, एवढंच. त्या दिवशी मी शिडी काढली. तो मात्र परत आला नाही.

या विषयावर 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो माझ्या वाचनात फार उशिरा आला. बालवाडीतली, चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं त्यांनी घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता दिलं, तर काहींना काहीच नाही. नंतर आठवडा-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं पुन्हा समोर ठेवली, तेव्हा बक्षिसाचं आश्वासन मिळालेल्या मुलांनी इतरांच्या मानाने जेमतेम निम्मा वेळ चित्रांना दिला. गंमत अशी, की अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह टिकून होता. म्हणजे बक्षिसापेक्षा त्याचं आमिष जास्त नडलं. आमची पोरं त्या मुलांपेक्षा मोठी होती, तरी माझ्या शिडीचं नेमकं हेच झालं असणार.

पुढच्या वर्षी मी सुरुवात केली प्याद्यांच्या लढाईने. दोन्हीकडे फक्त आठ-आठ प्यादी. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या टोकाला पोचेल तो जिंकला. पाच मिनिटांत डाव संपतो. एका तासात पोरगा चारदा हरतो आणि तीनदा जिंकतो, आणि घरी जाईपर्यंत मोजायचं विसरतो. हरणं लहान लहान तुकड्यांत मिळालं की पचतं.

मला आज जे सांगायचंय ते हेच. दिवसभर या मुलांचं काही ना काही तपासलं जातं, अक्षर, पाढे, गणवेश, नखं. घंटेनंतरचा तास हा एखादी गोष्ट वाईट करूनसुद्धा पुढच्या आठवड्यात ताठ मानेने परत यायचा तास असावा. त्याची दुसरी शाळा करून टाकली, की क्लब संपला.

खेळांच्या संघांत हे फार दिसतं. आठ वर्षांच्या मुलांचा संघ निवडताना आपण 'हुशार खेळाडू' निवडतोय असं आपल्याला वाटतं. एकाच इयत्तेतल्या सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. आठ वर्षांच्या पोराच्या बाबतीत ते आयुष्याचा आठवा हिस्सा! कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा 1985 च्या सुमारास अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले, कारण तिथे वयोगटाची रेघ 1 जानेवारीला होती. लहानपणी थोडा उंच म्हणून निवडला, निवडला म्हणून सराव मिळाला, सराव मिळाला म्हणून खरंच चांगला झाला. माझं मत विचाराल तर या वयात संघ आलटून पालटून करावेत. क्रीडाशिक्षकांना हे पटत नाही. दोघा-तिघांशी माझं वाजलंही आहे.

आता "मुलगे फार दंगा करतात" ही तक्रार. करतात. पण 1891 च्या डिसेंबरमध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकापुढे हीच अडचण होती. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला हिवाळ्यात घरात कोंडलेले, कवायतीला विटलेले अठरा तरुण, आणि नवा खेळ शोधायला दोन आठवडे. बाहेरचे खेळ आत आणले तर धक्काबुक्की होत होती. त्याने विचार केला की खेळाडू चेंडू घेऊन पळतो म्हणून त्याला पाडावं लागतं. तर पळायचंच नाही. आणि गोल समोर असला की जोरात मारतात; तर गोल डोक्यावर टांगू, म्हणजे चेंडू अलगद फेकावा लागेल. दहा फुटांवर पीच या फळांच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि बास्केटबॉल जन्माला आला. टोपलीला बूड होतं, त्यामुळे दर वेळी चेंडू काढायला कुणीतरी वर चढायचं, ते वेगळंच! सांगायचा मुद्दा, त्या पोरांना "गप्प बसा" म्हणण्याच्या भानगडीत नेस्मिथ पडला नाही. त्याने नियम बदलले.

फक्त मुलग्यांच्या शाळेचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. "हे मुलींचं काम" असं म्हणून ढकलायला तिथे मुलीच नसतात. बटण तुटलं तर लावणार कोण? आमच्या शिवणवर्गात पहिल्या दिवशी सगळे खिदळत होते. दुसऱ्या आठवड्यात सुईत दोरा ओवायची शर्यत लागली, तिसऱ्या आठवड्यात एकाने बाबांचा शर्ट आणला. गाण्याचंही तसंच. या वयात मुलाचा आवाज उंच, स्वच्छ असतो, आणि एक दिवस तो फुटणारच असतो. समूहगान बसवायचं तर हीच वर्षं. त्याला सांगा की हा आवाज मोजक्याच वर्षांचा पाहुणा आहे, मग बघा लाजणं कमी होतं की नाही.

आणि ग्लायडर. याबद्दल मी तासभर बोलू शकतो, पण बोलणार नाही. जाड कागदाचे पंख, बारीक काडीचं पोट, मागे शेपूट. पहिली फेक बहुधा फसते. ग्लायडर नाक वर करतो, क्षणभर हवेत थबकतो आणि धप्पकन खाली येतो, म्हणजे शेपूट जड. मग नाकाला वाटाण्याएवढी माती लावायची. आता सरळ जमिनीत घुसतो, म्हणजे माती जास्त झाली. अर्धी काढायची. एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, सलग तीन आठवडे हेच करत बसला होता. मी शेजारी बसून माझ्या ग्लायडरची माती खरवडत होतो. मान वर न करता तो म्हणाला, "आम्ही घर बदलतोय." मी म्हटलं, "हं." मग वीस मिनिटं बोलत राहिला. समोरासमोर बसवून "काय झालं बाळा?" विचारलं असतं, तर "काही नाही" हेच उत्तर मिळालं असतं. हात गुंतलेले असले, नजर कामावर असली, की या वयाचे मुलगे बोलतात. अट एकच, आपणही खरंच काम करत असलं पाहिजे. करत नसू तर त्यांना लगेच कळतं.

पालक हमखास विचारतात, किती क्लब लावावेत? दोन पुरे. आठवड्याचे पाचही दिवस भरून टाकलेला मुलगा मी ओळखतो. तो ग्लायडर हातात घेतल्याबरोबर विचारतो, "हे कधी संपणार?" बालहक्कांच्या 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम 31 मुलाच्या विश्रांतीचा, फुरसतीचा आणि खेळाचा हक्क सांगतं. त्यात विश्रांती पहिली आहे, याकडे आपलं लक्ष जात नाही. आणि मुलाने क्लब सोडायचा म्हटला तर? पैसे भरलेत, हे कारण त्याला सांगू नका. हातात घेतलेलं काम पुरं कर, मग सोड, एवढं म्हणा. बरेचजण ते पुरं होईस्तोवर सोडायचं विसरतात. जे विसरत नाहीत, त्यांना सोडू द्या.

माझी वेळ झाली. मागच्या टेबलावर काही ग्लायडर ठेवलेत, जाताना उडवून बघा. पंखाला धरू नका, पोटाला धरा, आणि जोर लावू नका. निळ्याच्या नाकाची माती पडलीय, ती ज्याची त्याने शोधून लावायची.