बोटीवरचं पाणी : सोलापूरच्या काका-काकूंची अंटार्क्टिका सफर

(दृश्य : हिमनग. बोट अगदी हळू. आवाज फक्त वाऱ्याचा, नंतर काकूंचा.)

या हिमनगाचं पाणी गोडं आहे. तो तरंगतोय तो समुद्र खारा, पण हिमनग मूळचा जमिनीवरचा. हजारो वर्षं पडत राहिलेला बर्फ आपल्याच वजनाखाली दाबला जातो, आतली हवा निघून जाते आणि त्याला हा निळा रंग चढतो. मग हिमनदी त्याला समुद्रापर्यंत ढकलत आणते आणि कडा तुटते. वर दिसतोय तो साधारण दहावा हिस्सा, बाकीचा सगळा पाण्याखाली. पृथ्वीवरच्या गोड्या पाण्यापैकी 60 ते 70 टक्के पाणी एकट्या अंटार्क्टिकात असं गोठून बसलंय.

हे चित्रण सोलापूरच्या एका काकांनी मोबाइलवर केलंय. मागून ऐकू येतं ते काकूंचं : "अहो, हात हलवू नका की."

(दृश्य : सोलापूर, पूर्व भाग. पहाट. पाण्याच्या मोटारींचा आवाज, भरलेली पिंपं, घागरी.)

काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. चार यंत्रमागांवर सुरू केलेला, आता मुलगा बघतो. काकू शाळेतून निवृत्त झाल्या. त्यांच्या गल्लीत आज पाण्याचा दिवस आहे. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर पाइपातून येतं आणि काही दिवसांआड नळाला पोचतं. कधी पहाटे, कधी रात्री अकराला. ही काकांची वही बघा. नळ कधी आला, कधी गेला, धार कशी होती, सगळं तारीखवार. लहान अक्षर, निळी शाई. अधूनमधून लाल खूण दिसते, त्या दिवशी टँकर मागवावा लागला होता.

हीच वही ते बोटीवर घेऊन गेले. बॅगा रिक्षात चढवताना गल्लीतल्या कुणीतरी विचारलं, "काय काका, कुठं निघालाव?" काका म्हणाले, "पाण्याला."

व्हिसा, विमानं, पीतज्वराची लस, यातलं काही चित्रित केलेलं नाही, म्हणून एका दमात सांगतो. लस चुकवू नका. ब्राझीलहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याकडे विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, तिथून विमानाने ब्राझीलमधलं रिओ दी जानेरो, आणि तिथून बोट.

(दृश्य : रिओचं बंदर. शुगरलोफ. दूर डोंगरावर ख्रिस्ताचा पुतळा.)

समुद्रातून सरळ उठलेला हा शुगरलोफ, 396 मीटर. मागे कोर्कोवादो डोंगर आणि त्यावरचा 1931 मध्ये पूर्ण झालेला ख्रिस्ताचा पुतळा. काकूंनी या पुतळ्याचं चित्रण इतकं केलंय की त्याचा वेगळा माहितीपट निघेल. हवा दमट, अंगाला चिकटणारी. या दमट हवेकडे लक्ष ठेवा, तिचं काम पुढे आहे.

(दृश्य : केबिन. पलंगावर टॉवेलचा हत्ती.)

क्रूझवर संध्याकाळी खोली आवरून जाणारा कर्मचारी टॉवेलच्या घड्या घालून असा एखादा प्राणी करून ठेवतो. काकूंना हत्ती ठेवायचा होता. काकांनी तो उलगडला. मग काय केलं ते बघा. कोपरा अंगठ्यात आणि तर्जनीत धरला, लूप उलटे चोळले, काठाची शिवण नखाने तपासली, घडी तळहातावर तोलली. "पाचशे जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला पाचशे ग्रॅमच्या, पुढं आहे. धुऊन धुऊन लूप बसलेत, पण सुटले नाहीत. माल चांगलाय." टॉवेल कुठल्या गावचा, हे मात्र लेबलवर नव्हतं.

आणि मग त्यांना प्रश्न पडला. दोन हजारांवर प्रवासी, प्रत्येकाला रोज टॉवेल, चादरी, टेबलांची कापडं. हे सगळं धुवायला पाणी कुठून आणतात? या एका प्रश्नापायी काकांनी पैसे भरून बोटीच्या पडद्यामागची सहल घेतली.

(दृश्य : कर्मचाऱ्यांचा लांब बोळ, छताला पाइपच पाइप. त्यानंतर आकृती.)

इंजिनाच्या भागात कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. म्हणून इथून पुढे काकांनी वहीत काढलेली आकृती दाखवतोय. आम्ही तिला फक्त रंग दिलाय.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. ते काढायच्या दोन रीती बोटीवर असतात. पहिली, पाणी उकळून वाफ धरायची. पण त्यासाठी वेगळं इंधन जाळत नाहीत. इंजिन थंड ठेवायला जे पाणी फिरवतात ते 80-90 अंशांपर्यंत तापूनच बाहेर येतं. ती उष्णता एरवी वाया गेली असती. ती घ्यायची आणि एका बंद टाकीतल्या खाऱ्या पाण्याला द्यायची. टाकीतली हवा काढून घेतलेली असते. दाब कमी झाला की पाणी शंभर अंशांची वाट बघत नाही, त्याच्या पुष्कळ आधी उकळतं. हिमालयात डाळ शिजत नाही ती याच कारणाने. वाफ वर जाते, थंड समुद्राचं पाणी आतून फिरणाऱ्या नळ्यांवर तिचं पाणी होतं, मीठ खाली राहतं.

दुसरी रीत तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात आहे, आरओ. फरक दाबाचा. समुद्राचं पाणी पडद्यातून पलीकडे ढकलायला हवेच्या दाबाच्या पन्नास-साठपट जोर लावावा लागतो. तरीही निम्म्याहून अधिक पाणी जास्त खारं होऊन समुद्रात परत जातं.

अशा पाण्याला चव नसते आणि ते पाइपांना खातं. म्हणून ते कॅल्शियमच्या खड्यांवरून सोडतात, क्लोरीन घालतात, मग टाकीत. बंदरात आणि किनाऱ्यालगत शक्यतो पाणी करत नाहीत, तिथलं पाणी गढूळ आणि सांडपाण्याचं. म्हणजे बंदर येण्याआधी टाक्या भरून घ्यायच्या. वहीत या वाक्याखाली काकांनी दोन रेघा मारल्यात. माणशी वापर दिवसाला दोनशे लिटरच्या पुढे जातो. आपल्याकडे शहरासाठी मानक आहे माणशी 135 लिटर. कागदावर.

आता रिओची दमट हवा. दोन हजार माणसांच्या बोटीचा एसी चालू असला की हवेतली वाफ थंड नळ्यांवर पाणी होऊन ठिबकते. आपल्या खिडकीतल्या एसीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडून भांडणं होतात, तेच पाणी. इथे ते गोळा करून लाँड्रीला देतात. त्यात क्षार नसतात, त्यामुळे साबण कमी लागतो आणि कापड कडक होत नाही. ज्या माणसाचं आयुष्य कापड धुण्या-रंगवण्याच्या पाण्यावर गेलंय त्याला हे ऐकून काय वाटलं असेल, ते या छायाचित्रात दिसतंय. शौचालयंही तशीच, हवेच्या ओढीवर चालणारी. एका वेळेला लिटरभर पाणी लागतं.

(दृश्य : तपकिरी समुद्र.)

हे रिओ दे ला प्लाताचं मुख, एका काठावर उरुग्वे, दुसऱ्यावर अर्जेंटिना. समुद्राशी त्याची रुंदी 220 किलोमीटर आहे. पाण्याचा रंग थेट पावसाळ्यातल्या भीमेचा. माँटेव्हिडिओ आणि ब्यूनोस आयरेस ही दोन्ही शहरं बघून झाली, चित्रणही आहे, पण ते पर्यटकांचं नेहमीचंच. पुढे फॉकलंड बेटं. तिथून दक्षिणेला वळल्यावर एका सकाळी सगळं धुक्यात गेलं.

(दृश्य : धुकं. डेकवर माकडटोप्या.)

इथे उत्तरेचं उबदार पाणी आणि अंटार्क्टिकाचं थंड पाणी एकमेकांना भेटतं. थोड्याच अंतरात समुद्राचं तापमान काही अंशांनी उतरतं. पाण्यावर रेघ दिसत नाही, पण पक्षी बदलतात, हवेचा वास बदलतो. पाणी थंड झालं की घट्टसर होतं आणि आरओच्या पडद्यातून कमी गळतं. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपांत बर्फाचा चुरा अडकायचीही भीती असते. पाण्याने वेढलेल्या बोटीलाही पाण्याचं नियोजन चुकवून चालत नाही.

(दृश्य : एलिफंट बेट. काळा कडा, त्याखाली चिंचोळी खडकाळ जागा.)

झूम केल्यावर खडकावर ठिपक्याएवढा एक पुतळा दिसतो. तो चिलीच्या नौदलातल्या लुइस पार्दो यांचा. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या अर्नेस्ट शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' जहाज 1915 मध्ये बर्फात चिरडून बुडालं आणि 28 माणसं एप्रिल 1916 मध्ये या बेटावर पोचली. मदत आणायला शॅकल्टनसह सहा जण एका लहान होडीतून सुमारे 1,300 किलोमीटरवरच्या साउथ जॉर्जियाकडे निघाले. होडीतल्या पाण्याच्या एका पिंपात सुरुवातीलाच समुद्राचं पाणी शिरलं होतं. चहूकडे पाणी आणि शेवटचे दिवस तहानेत. इकडे मागे राहिलेले 22 जण दोन उलट्या होड्यांच्या छपराखाली साडेचार महिने राहिले. सील आणि पेंग्विनच्या चरबीवर चूल पेटवायची आणि बर्फ वितळवून प्यायचा. 30 ऑगस्ट 1916 ला पार्दो 'येल्चो' नावाची छोटी बोट घेऊन आले आणि सगळेच्या सगळे जिवंत परतले. काकांनी हे सगळं बोटीवरच्या व्याख्यानात ऐकलं आणि वहीत एवढंच लिहिलं : "22 माणसं. बर्फ वितळवायला इंधन किती?"

(दृश्य : तरंगत्या बर्फावर पेंग्विन.)

यांना ती अडचण नाही. पेंग्विन सरळ समुद्राचं पाणी पितो. डोळ्यांच्या वर त्याला एक ग्रंथी असते, ती रक्तातलं जादा मीठ वेगळं काढते आणि ते चोचीवरून ठिबकून जातं. आता परत बघा, मान कशी झटकतोय.

(दृश्य : गेर्लाश सामुद्रधुनी. दोन्ही बाजूंना हिमनद्या. निवेदन थांबते.)

काका-काकूंचा पाय अंटार्क्टिकाला लागला नाही. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटीतून कुणालाच उतरता येत नाही. लहान बोटींतूनही एका ठिकाणी एका वेळेला शंभरच माणसं. हा खंड कुणाच्या मालकीचा नाही, 1959 च्या कराराने तो शांततेसाठी आणि विज्ञानासाठी राखलेला आहे. भारत त्यात 1983 मध्ये आला. त्याआधी, डिसेंबर 1981 मध्ये, आपली पहिली मोहीम गोव्याहून निघाली होती. आज आपली मैत्री आणि भारती ही दोन संशोधन केंद्रं तिथे आहेत, या जागेपासून फार दूर, खंडाच्या दुसऱ्या अंगाला. काकूंना उतरायला न मिळाल्याची रुखरुख आहे. आमच्या मते नियम बरोबर आहे. बोटींच्या धुराची काजळी या बर्फावर बसते, तो काळवंडतो आणि लवकर वितळतो. जड इंधनावर 2011 पासून इथे बंदी आहे.

(दृश्य : ड्रेक पॅसेज. खिडकीवर आदळणारी लाट. जेवणाच्या खोलीत सरकणारी ताटली.)

दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिकाजवळची बेटं यांमध्ये हा 800 किलोमीटरचा समुद्र आहे. या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला पृथ्वीभोवती कुठेच जमीन नाही, म्हणून तो असा. बोटीच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर बाहेर काढतात, तरी ताटली सरकायची ती सरकतेच. काकूंनी सोलापुरातून नेलेला आलेपाक या दोन दिवसांत संपला. शेंगदाण्याची चटणी आधीच संपली होती, तीही केरळच्या एका स्वयंपाक्याने मागून मागून.

केप हॉर्न पहाटे आलं, त्याचं चित्रण अंधारात गेलंय. मग उश्वाइया, चिलीचे फ्योर्ड, म्हणजे कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्या, आणि शेवटी पुन्हा उबदार किनारा, वाल्परायसो. टेकड्यांवर चढलेली रंगीत घरं. या मध्य चिलीत 2010 पासून वर्षानुवर्षं दुष्काळ होता. ते ऐकल्यावर काकांनी तिथल्या टॅक्सीवाल्याला खुणेनं विचारलं, नळ किती दिवसांनी? त्याला प्रश्नच कळला नाही.

(दृश्य : सोलापूर. मुलाच्या टॉवेलच्या दुकानामागची भिंत.)

पैसा किती लागला, हे काकांनी कॅमेऱ्यावर सांगितलं नाही. "माग विकून नाही गेलो," एवढंच म्हणाले.

दुकानाच्या एसीतून निघणारी ही नळी आधी गटारात सोडलेली होती. आता ती झाकणाच्या बादलीत येते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात एसीला पाणी सुटतं ते बेताचंच, हवेत वाफच नसते. पावसाळ्यात बादली दोनदा भरते. वहीत तिच्यासाठी नवं पान आखलंय. काकूंचं म्हणणं, फरशी पुसायला पुरतंय.