सायबरपंक गेमकडून आपण नेमकं काय मागतो?

(नाशिकमध्ये गेम खेळणाऱ्या आणि बनवू पाहणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सायबरपंक म्हणजे यंत्रं माणसाच्या शरीरात शिरलेल्या भविष्यातल्या शहरांच्या गोष्टी. त्यावरूनच मघाशी दाराशी दोन मुलांचा वाद चालला होता. एक म्हणत होता, सायबरपंक म्हणजे रात्र, पाऊस आणि निऑनच्या पाट्या. दुसरा म्हणाला, एवढ्यावर भागत असतं तर मी वॉलपेपर लावून गप्प बसलो असतो. मी त्या दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि आज त्याचीच बाजू नीट मांडायचा प्रयत्न करणार आहे.

मेट्रोपासून सुरुवात करतो. ‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेमचा जून २०१८ मधला ट्रेलर आठवा. व्ही, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, मेट्रोच्या डब्यात आहे आणि बाहेर नाइट सिटी हे गेममधलं शहर सरकतंय. १० डिसेंबर २०२० ला गेम आला. मेट्रोची स्टेशनं होती, पण तिथून नकाशावर फक्त उडी मारता यायची. गाडीच नव्हती. त्या वेळचे बग, आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, यावर भरपूर बोलून झालंय, ते मी सोडून देतो. मला लोकांची ही गाडीची मागणी जास्त महत्त्वाची वाटते. गेममध्ये बाइक आहे, कार आहे, क्षणात पोचायची सोय आहे. मेट्रोने गेल्याने खेळाडूला एक पैसा जास्त मिळणार नव्हता. तरी लोक तीन वर्षं ती मागत राहिले. कंपनीने द्यायच्या आधी चाहत्यांनीच मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतः केलेला बदल, करून ती चालवून दाखवली. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये २.१ अपडेट आलं आणि त्यात १९ स्टेशनांची, ५ मार्गांची मेट्रो आली.

त्या रात्री मी एकही मिशन केलं नाही. तासभर खिडकीशी बसून होतो. गाडी वर चढली आणि ज्या गल्लीत मी चाळीस वेळा मेलो होतो ती खाली काडेपेटीएवढी दिसली. तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्या शहरात कुणाला मारायचं नव्हतं, कुठे पोचायचं नव्हतं.

नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आपल्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हा द्वारका चौकातल्या कोंडीत अडकलेल्या माझ्यासारख्या कितीतरी जणांनी मनातल्या मनात खिडकीची जागा धरून ठेवली होती. शहर आपलं वाटायला त्यातून रोज जा-ये करावी लागते. गेममधल्या शहराचंही तसंच आहे.

आता शरीराबद्दल, कारण माझ्या मते या प्रकाराचा गाभा तिथे आहे. या गेमचं मूळ माइक पॉन्डस्मिथ यांच्या १९८८ च्या खेळात आहे. टेबलाभोवती बसून, कागद आणि फासे घेऊन खेळायचा तो खेळ. त्यात तुम्ही खरा हात काढून यांत्रिक हात बसवला, की तुमच्या माणुसकीचे गुण कमी होतात. किती, ते फाशांवर ठरतं. होता होता गुण संपले की तुमचं पात्र तुमचं राहत नाही, ते खेळ चालवणाऱ्याच्या ताब्यात जातं. विचार करा, अजून एक चांगली बंदूक हातात बसवायची की स्वतः शिल्लक राहायचं, हा निर्णय टेबलावर, मित्रांच्या देखत घ्यायचा. या प्रकारात याच्या तोडीचा नियम मला दुसरा भेटलेला नाही.

व्हिडिओ गेममध्ये सायबरसायकोसिस, म्हणजे यंत्रं जास्त झाली की भान सुटण्याचा आजार, आहे, पण तो रस्त्यावरच्या इतरांना होतो. आपण डोळे, हात, पाय, पाठीचा कणा सगळं बदलून घेतो आणि सकाळी ताजेतवाने उठतो. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने शरीरात किती यंत्रं मावतील याला मर्यादा घातली. एक पर्क, म्हणजे पात्रासाठी निवडायचं खास कौशल्य, घेतला तर ती ओलांडता येते, पण त्याची किंमत आरोग्यात मोजावी लागते. पाऊल योग्य दिशेने आहे. तरी मला अजून हवंय. यंत्रं वाढत गेली की जुन्या मित्राने फोन उचलायला वेळ लावावा. चहावाल्याने नजर चुकवावी.

स्टाइलचं म्हणाल तर त्या जुन्या नियमपुस्तकातलं पहिलंच सूत्र आहे की आशयापेक्षा स्टाइल मोठी. पण तिथे स्टाइल ही खेळायची गोष्ट होती. ‘२०७७’ मध्ये सुरुवातीला कपड्यांना चिलखताचे आकडे होते, त्यामुळे जीव वाचवायला आवडतं जॅकेट टाकून विजोड हेल्मेट घालावं लागायचं. २.० मध्ये चिलखताचा मोठा भार शरीरातल्या यंत्रांवर गेला आणि कपडे मोकळे झाले. फर्स्ट पर्सनवरून, म्हणजे सगळं पात्राच्या डोळ्यांतूनच दिसण्यावरून, २०१८ मध्ये लोक चिडले होते. तो निर्णय मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. डोळा बदलला तर ते त्याच डोळ्यातून दिसायला हवं.

आणि मार्ग. २००० साली ‘ड्यूस एक्स’ या गेमने शिकवलं की बंद दार म्हणजे प्रश्न आहे आणि त्याला चार उत्तरं आहेत: किल्ली, हॅकिंग, हवेचा बोगदा, स्फोटकं. त्याच मालिकेतल्या २०११ च्या ‘ह्युमन रेव्होल्यूशन’मध्ये चोरपावलांनी आलेल्या खेळाडूंनाही बॉसशी, म्हणजे वाटेतल्या बलाढ्य मुख्य शत्रूशी, समोरासमोर लढावंच लागलं. लोक नाराज झाले, आणि २०१३ च्या नव्या आवृत्तीत त्या खोल्यांमध्ये इतर मार्ग घालावे लागले. चाहत्यांचं म्हणणं साधं होतं: मला इथवर माझ्या पद्धतीने येऊ दिलंत, आता पद्धत काढून घेऊ नका.

इथे एकाने चिठ्ठी पाठवली आहे, नाशिकचा सायबरपंक गेम कसा असेल? मी यावर खरंच विचार करत असतो.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्यूसेकचे आकडे फोनवर येतात. पण जुना नाशिककर आकडा विचारत नाही. तो विचारतो, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? पायाला, कमरेला की छातीला? घाटावरचे टपरीवाले त्या मूर्तीकडे बघून सामान हलवतात. नव्या यंत्रणेच्या शेजारी जुनी खूण अजून कामात आहे. ज्याला सायबरपंक म्हणतात ते मला इथे दिसतं.

म्हणून माझ्या डोक्यातलं पहिलं मिशन असं आहे. ऑगस्टमधली रात्र. धरणाचे सेन्सर कुणीतरी हॅक केलेत. तुमच्या बसवलेल्या डोळ्यात हिरवा आकडा दिसतोय: विसर्ग कमी, धोका नाही. डोळा नवा आहे, महागाचा आहे, कर्ज काढून बसवलाय. तुम्ही रामकुंडाकडे उतरता. एक बाई टपरीवरचा स्टोव्ह उचलताना थांबते आणि तुमच्या डोळ्याकडे बघून विचारते, “भाऊ, तुझ्यात काय दाखवतंय?” पलीकडे मारुतीच्या छातीला पाणी लागलंय. उत्तर द्यायला तुमच्याकडे दहा सेकंद आहेत.