पंख्याची एक लुकलुक

(दृश्य : परभणी. मे महिना, दुपारचे तीन. अर्धवट लोटलेलं दार, खिडकीला ओला टॉवेल. भिंतीला टेकून बसलेली मावशी. छताचा पंखा बंद.)

बाहेर पारा ४३ च्या पुढे गेलाय. गल्लीत चिटपाखरू नाही. माझी मावशी पदरानं वारा घेत बसली आहे आणि तिच्या डोक्यावरचा पंखा बंद आहे. लाईट गेलेली नाही. पंखा तिनंच बंद केलाय.

मी बटण दाबायला उठले की ती म्हणते, “कशाला लावायलीस माय? लाईट बिल लई यायलंय. बसू की असंच.”

हे वाक्य मी मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत ऐकलंय. भारनियमनाची वर्षं ज्या पिढीनं रॉकेलच्या चिमणीवर काढली, तिच्यासाठी वीज ही पुरवून पुरवून वापरायची गोष्ट. या सवयीबद्दल मला आदरच आहे. पण ती नेमकी पंख्यावर येऊन पडते, तिथं जीव तुटतो. या उन्हात साठी ओलांडलेल्या माणसानं वाऱ्याशिवाय बसणं म्हणजे उष्माघाताला घरी बोलावणं. आणि एवढा त्रास काढून वाचत किती होतं? ते मोजायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली.

(दृश्य : दाराशेजारची मीटरची पेटी. काचेआड लुकलुकणारा लाल दिवा.)

हा लाल दिवा सगळ्यांनी पाहिलेला असतो. बघत मात्र कुणी बसत नाही. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो. मावशीच्या मीटरवर तो ३२०० आहे. म्हणजे हा दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर १६०० असेल, आणखी काही असेल, आपापला बघून घ्या. आणि युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास चालवणं. शंभर वॅटची असेल तर दहा तास.

आम्ही घरातलं सगळं बंद केलं. फ्रिज, टीव्ही, वायफाय, इन्व्हर्टर, सगळ्यांचे प्लगसुद्धा काढले. मग एकच पंखा लावला, पूर्ण वेगावर. मी मोबाईलवर सेकंद मोजत होते, मावशी दिव्याकडे टक लावून उभी. दिवा लुकलुकला. मग काहीच नाही. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं मीटर बंद पडला. पंधरा सेकंदांनी तो पुन्हा लुकलुकला.

पंखा बंद केला. बादलीत पाणी भरून हिवाळ्यातला रॉड लावला, तेच पंधरा सेकंद. या वेळी मावशी मोठ्यानं मोजत होती. एक, दोन, तीन, चार… मी थांब म्हणेपर्यंत ती वीसवर पोचली होती.

“अगं बाई,” ती म्हणाली, “हा तर थांबंच ना की.”

पंख्याची एक लुकलुक आणि रॉडच्या वीस. तिचा जुना पंखा ७५ वॅटचा, रॉड १,५०० वॅटचा. वॅटचे आकडे मी तिला आधी दोनदा सांगून झाले होते, त्यानं काही हललं नव्हतं. दिव्यानं हललं.

मग गंमत म्हणून स्वयंपाकघरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब एकटा लावला. त्याच्या दोन लुकलुकींमध्ये दोन मिनिटं आणि पाच सेकंद गेले. घरात येता-जाता मावशी हाच बल्ब बंद करत असते. पूर्वी तिथं साठ वॅटचा पिवळा बल्ब होता, तेव्हा त्या बंद करण्याला अर्थ होता. २०१५ मध्ये उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले, घरोघरी बल्ब बदलले. दिव्यांमधली मोठी बचत आपण तेव्हाच करून बसलोय. हात मात्र अजून जुन्याच बटणाकडे जातो.

(दृश्य : थंडीची पहाट. मोरीत बादली, पाण्यावर वाफ.)

हिवाळ्यातली परभणी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. उन्हाळ्यात भाजून काढणारं हे गाव थंडीत पाच अंशांपर्यंत उतरतं. पहाटे टाकीचं पाणी हाताला झोंबतं.

वीस लिटरची बादली, पाणी १८ अंशांवरून ४२ वर न्यायचं, तर अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. रॉड घ्या, गिझर घ्या. पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागणारच, त्यात कुठलंही यंत्र सूट देत नाही. घरात सहा माणसं. म्हणजे रोज तीन युनिटांहून जास्त अंघोळीला गेले. आणि एका बादलीच्या विजेवर पंखा किती चालला असता? सात तासांहून जास्त.

पूर्वी बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी पितळी घागरीत भरून अंगणात उन्हाला ठेवायचे. मावशीनं ते केलेलं आहे. यंदाच्या थंडीत वहिनीनं काळ्या पिंपात दुपारीच पाणी भरून गच्चीवर ठेवलं, आणि ज्यांना जमतं त्यांनी संध्याकाळी अंघोळ केली. मुलांचं पाणी सकाळी तापवावंच लागलं, पण सहाच्या तीन बादल्या झाल्या. रॉड वापरणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं : बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, आणि घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

(दृश्य : बोअरची मोटार सुरू होते. गच्चीवर टाकीत पाण्याची धार.)

आता मराठवाड्याची खरी गोष्ट. विजेच्या बिलात आपल्याकडे पाणी लपलेलं असतं.

नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी बोअर. मावशीच्या बोअरवर एक एचपीची मोटार आहे. ती एकटी लावली तर दिवा जवळपास दर सेकंदाला लुकलुकतो. मिनिटाला ५८ वेळा मोजला आम्ही. तासाला एक युनिट आणि वर थोडं. हजार लिटरची टाकी पावसाळ्यानंतर चाळीस मिनिटांत भरते, म्हणजे पाऊण युनिटाच्या आत-बाहेर. मे महिन्यात तीच टाकी भरायला सव्वा तास लागतो. पाणी तेवढंच, मोटार तीच, पण पाणी खाली गेलं. दोनशे फुटांवरून उचलायचं पाणी चारशेवर गेलं की उचलण्याचं कामच दुप्पट होतं. दुष्काळ घरात शिरतो तेव्हा तो लाईट बिलातूनही शिरतो.

आणि टाकी भरल्यावर? मोटार लावून मावशी पोथी वाचायला बसायची. गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज आला की बंद करायची. त्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत पाणीही गेलं, वीजही गेली. दादानं आता टाकीत फ्लोट स्विच बसवलाय, टाकी भरली की मोटार आपोआप बंद. सगळ्या घरात मी ज्याला पहिला नंबर देईन असा हा खर्च.

उलट बाजूही आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राला वाफेसाठी आणि थंड करण्यासाठी पाणी लागतं. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वीज नाही तर पाणी वर येत नाही आणि पाणी नाही तर वीज तयार होत नाही, ही गाठ आपल्या भागाइतकी कुणाला ठाऊक असणार! इथं मला मलिक अंबरची आठवण होते. सतराव्या शतकात त्यानं आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर, म्हणजे पाण्याचा भुयारी कालवा, आणली, ती फक्त उताराच्या जोरावर. तिथल्या पाणचक्कीत तर डोंगराकडून आलेल्या पाण्याच्या दाबावर जातं फिरायचं, धान्य दळलं जायचं.

(दृश्य : खिडकीतला कूलर. मागच्या जाळीवरून ठिबकणारं पाणी.)

कूलर साधारण दोनशे वॅटच्या आत चालतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना त्याच्या सात-आठ पट घेतो. आपली हवा कोरडी, म्हणून आपल्याकडे कूलर चांगला चालतो. कोकणात तो काही कामाचा नाही. पण मावशीकडे कूलर लावला की सगळी दारं-खिडक्या बंद व्हायच्या, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून. अर्ध्या तासात खोली दमट, अंग चिकट, मग कूलर असूनही पंखा फुल. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि फरक पडला. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत ओढायची असते आणि आतल्या हवेला जायला वाट लागते. गवत दर उन्हाळ्याला बदला, जुन्यावर क्षारांचा थर बसला की ते पाणी धरत नाही. पाऊस पडला की कूलर आवरून ठेवा.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं.

खरं तर तापतं ते छत. जुन्या माळवदाच्या घरात दुपारी शिरलं की आजही गार वाटतं. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. आता वर स्लॅब किंवा पत्रे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा वाजता हात लावून बघा, तो अजून ऊन परत देत असतो. मार्चमध्ये दादानं गच्चीवर चुन्यात डिंक घालून दोन हात मारले. नंतर खालून छताला हात लावला तर फरक हातालाच कळला. रात्री कूलर बारानंतर बंद करता येऊ लागला.

(दृश्य : रात्र. घर अंधारात. मीटरचा लाल दिवा.)

एक तपासणी मला सर्वांत जास्त शिकवून गेली. रात्री दिव्या-पंख्यांची सगळी बटणं बंद केली, फ्रिजचा प्लगही काढला, बाकीचे प्लग या वेळी तसेच राहू दिले. घरात काहीच चालू नाही. तरी ४५ सेकंदांनी दिवा लुकलुकला. पुन्हा ४५ सेकंदांनी.

म्हणजे २५ वॅट कुठंतरी जात होते. टीव्ही रिमोटनं बंद, पण सेट-टॉप बॉक्स जागा. वायफायचा डबा जागा. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली, तरी तो थोडं थोडं घेतच होता. २५ वॅट, चोवीस तास, तीस दिवस : १८ युनिट.

मी कागदावर दुसरा हिशेब मांडला. मावशीनं तिचा पंखा रोज दुपारी आणि संध्याकाळी मिळून आठ तास लावला तर महिन्याला किती? ७५ वॅट, आठ तास, तीस दिवस. १८ युनिट.

तेवढेच. ती घामात बसून जे वाचवत होती, ते सगळं हे डबे गुपचूप खाऊन टाकत होते. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं उठून टीव्हीमागचं बटण शोधलं.

फ्रिजचा हिशेब दिव्यावर लागत नाही, तो मधूनमधून चालू-बंद होतो. घरचे लग्नाला गेले तेव्हा फक्त फ्रिज चालू ठेवून चोवीस तासांचं रीडिंग घेतलं : अडीच युनिट. चौदा वर्षांचा फ्रिज, भिंतीला चिकटलेला, अंगावर विणलेलं कव्हर. दारात कागद धरून दार लावलं आणि ओढला तर तो अलगद बाहेर आला. रबर गेलेलं होतं. रबर बदललं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला, कव्हर काढलं, आकडा दोनच्या खाली आला. नवा घेताना लेबलवरचे तारे बघाच, पण त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते आधी वाचा. तसंच पंख्याचं. नवे बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, ३० वॅटच्या आसपास चालतात. दिवसाला पंधरा तास फिरणारा पंखा आधी बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्यावा.

(दृश्य : बिलाचा कागद. बोट रकान्यांवरून फिरतं.)

बिलाबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे : शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही. पहिले शंभर शंभरच्याच दरानं लागतात, पुढचे तीनशेपर्यंत वरच्या दरानं, आणि तो दर जवळपास दुप्पट आहे. स्थिर आकार वापराबरोबर घटत नाही. वीज शुल्क मात्र १६ टक्के, ते वापराबरोबर कमी होतं. म्हणून १६० युनिटांच्या घरानं चाळीस वाचवले तर ते चाळीस महागातले वाचतात.

छतावर सौर पॅनेल लावायचा विचार असेल तर उत्तम. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि आपल्या उन्हात एक किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. माझं मत एवढंच की आधी घर मोजावं, मग पॅनेल किती ते ठरवावं.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेले आकडे.)

मावशी आता रोज संध्याकाळी दिवा लावला की मीटर बघते आणि कॅलेंडरवर लिहिते. काही वेगळं दिसलं की मला फोन येतो. परवा आला. एका दिवसात नऊ युनिट गेले होते. मी विचारायच्या आत तिनंच सांगितलं, वहिनीच्या माहेरची माणसं आली होती, टाकी दोनदा भरली, कूलर रात्रभर चालला.

“पाहुणे आल्यावर जाणारच की माय,” ती म्हणाली. पुढं आणखी काहीतरी बोलली, पण तिच्याकडे पंखा जोरात चालला होता, त्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.