खांद्याचे दुखणे, गुडघ्याचे देणे: टेनिसचे फटके आणि हाताच्या दुखापती

सन 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये टेनिस कोर्टाजवळ प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यांखेरीज आणखी काही वेगवान कॅमेरे लावलेले होते. त्यांना गुणफलकाशी कर्तव्य नव्हते. सर्व्हिस, म्हणजे प्रत्येक गुणाची सुरुवात करणारा डोक्यावरून मारायचा फटका, करताना खेळाडूचा गुडघा किती वाकतो, धड कधी वळते आणि खांद्यावर व कोपरावर किती भार येतो, एवढेच त्यांच्या चित्रीकरणातून मोजायचे होते. त्या मोजमापात जागतिक दर्जाच्या पुरुष खेळाडूंचा दंड चेंडूवर फटका बसण्याच्या सुमारास सेकंदाला साधारण 2,400 अंश या वेगाने आतल्या बाजूला वळत असल्याचे आढळले. हा वेग पूर्ण सेकंदभर टिकला असता, तर दंडाने स्वतःभोवती सहाहून अधिक फेऱ्या घेतल्या असत्या.

प्रत्यक्षात ही हालचाल डोळ्याचे पाते लवण्याआधीच संपते, आणि खांद्याची खरी परीक्षा तिथेच सुरू होते. चेंडू गेला तरी हाताला वेग असतोच, आणि तो कोणीतरी थोपवावा लागतो. खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असल्यामुळे दंडाच्या हाडाचे डोके जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः भोवतीच्या चार छोट्या स्नायूंकडे येते. त्यांच्या कंडरांच्या, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातले मागचे दोन स्नायू प्रत्येक सर्व्हिसनंतर ताणले जात असतानाच आकसण्याचा प्रयत्न करतात आणि हाताला ब्रेक लावतात. सरावाच्या एका सत्रात हे शेकडो वेळा घडते. जोर लावताना दुखत नाही आणि फटका संपताना कळ येते, असे सांगणाऱ्या खेळाडूचे म्हणणे म्हणूनच प्रशिक्षकाने गांभीर्याने घ्यायला हवे.

सिडनीच्या निरीक्षणांतला सर्वांत उपयोगी भाग मात्र खांद्याविषयी नव्हताच. ज्यांचा गुडघा सर्व्हिसच्या तयारीत पुरेसा वाकत नव्हता, त्यांच्या खांद्यावर आणि कोपरावर अधिक भार येत होता. अमेरिकी क्रीडावैद्यक तज्ज्ञ बेन किबलर यांनी 1995 मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सर्व्हिससाठी लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक वाटा पाय, कंबर आणि धड यांच्याकडून येतो. हा वाटा कमी पडला की एक तर चेंडूचा वेग घटतो, नाही तर उरलेली भरपाई खांदा करतो. वेग घटलेला कोणालाच रुचत नसल्याने बहुतेक खेळाडू नकळत दुसरा मार्ग पत्करतात, आणि काही महिने तो निभावतोही.

मारिया शारापोव्हाची कहाणी या ठिकाणी सविस्तर पाहण्यासारखी आहे. जानेवारी 2008 मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या उजव्या खांद्यावर, रोटेटर कफ फाटल्यामुळे, शस्त्रक्रिया करावी लागली. पुढच्या वर्षी ती परतली तेव्हा जागतिक क्रमवारीत शंभराच्याही बाहेर गेलेली होती आणि तिची सर्व्हिस बदललेली होती. रॅकेट खाली सोडून मागून मोठ्या वळणाने वर नेण्याऐवजी ती छोट्या वाटेने थेट वर नेऊ लागली. कागदावर हा बदल शहाणपणाचा दिसतो. पण वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली लय मोडली, आणि 2009 च्या अमेरिकन ओपनमध्ये मेलनी उदॅनविरुद्धच्या सामन्यात तिच्या हातून 21 डबल फॉल्ट झाले, म्हणजे सर्व्हिसचे दोन्ही प्रयत्न चुकून तितके गुण गेले. त्यानंतर ती पुन्हा जुन्या लांब पद्धतीकडे वळली. 2012 मध्ये तिने फ्रेंच ओपन जिंकली, क्रमवारीत पहिले स्थान परत मिळवले आणि 2014 मध्ये पॅरिसला पुन्हा विजेतेपद पटकावले. खांद्याने मात्र तिचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही.

नोव्हाक जोकोविचच्या बाबतीत उलटे घडले. कोपराच्या दुखण्यामुळे त्याने 2017 च्या विम्बल्डनमध्ये उपांत्यपूर्व सामना अर्धवट सोडला, 2018 च्या प्रारंभी तो आटोपशीर सर्व्हिस घेऊन उतरला, फेब्रुवारीत कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि जुलैमध्ये तो विम्बल्डनचा विजेता होता. या दोघांवरून लांब पद्धत वाईट की आखूड, असा निकाल देण्याचा मोह आवरायला हवा. रॅकेट कोणत्या वाटेने वर जाते, यापेक्षा ती वर पोहोचण्याच्या क्षणी पाय आणि धड आपले काम करून मोकळे झाले आहेत का, हे तपासणे आमच्या मते अधिक महत्त्वाचे आहे.

हौशी खेळाडूंचे दुखणे बहुधा खांद्याऐवजी कोपराच्या बाहेरच्या बाजूला असते. त्याला टेनिस एल्बो म्हणतात, आणि त्याची मुळे सापडतात एकहाती बॅकहँडमध्ये, म्हणजे हाताची पाठ पुढे करून एकाच हाताने मारलेल्या फटक्यात. पडद्यावरच्या संथ चित्रणात मनगटाकडे लक्ष द्यावे. अनुभवी खेळाडू चेंडूला शरीराच्या पुढे गाठतो, त्याचे मनगट किंचित मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे, वळलेले असते आणि चेंडू लागताना ते आणखी मागेच जात असते. नवख्याला उशीर होतो, त्याचे कोपर रॅकेटच्या आधी पुढे सरकते आणि चेंडू आदळतो तेव्हा मनगट तळव्याच्या बाजूला दुमडत जाते. ब्लॅकवेल आणि कोल या संशोधकांनी 1994 मध्ये नेमका हाच फरक नोंदवला. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर उगम पावतात. ते आवळलेले असतानाच धक्क्याने खेचले जातात आणि त्यांच्या कंडरेला इजा होते. रॅकेटच्या ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, जाडीवर क्लबांमध्ये तासन्‌तास खल होतो, पण ती पाव इंचाने बदलून 2006 मध्ये केलेल्या तपासणीत स्नायूंच्या कामात विशेष फरक दिसला नव्हता.

हे दुखणे टेनिसपुरते मर्यादित नाही, याची जाणीव महाराष्ट्राला 2004 मध्ये सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराने करून दिली. त्याच्या जड बॅटची तेव्हा घरोघरी चर्चा झाली आणि मे 2005 मध्ये लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. टेनिस एल्बोच्या बहुसंख्य रुग्णांनी तर रॅकेट कधी हातातही धरलेली नसते. भरलेली किटली उचलताना किंवा पिळा देऊन कपडे वाळत घालताना त्यांना पहिली कळ जाणवते.

उपचारांबाबत एक गैरसमज अजून टिकून आहे. ही सूज आहे असे धरून स्टिरॉइडचे इंजेक्शन मागितले जाते. वास्तविक अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट निर्शल यांनी 1979 मध्येच दाखवले होते की, जुनाट दुखण्यातल्या कंडरेत सुजेच्या पेशी जवळपास नसतात. असते ती झीज आणि विस्कटलेली दुरुस्ती. इंजेक्शनने काही आठवडे उत्तम आराम पडतो, परंतु वर्षभरानंतर ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे भर व्यायामावर दिला जातो. हात टेबलावर ठेवून पंजा कडेबाहेर सोडायचा, मुठीत हलके वजन धरायचे, दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर आणायचे आणि मग दुखऱ्या हाताने एकट्याने, अगदी सावकाश, खाली न्यायचे. हा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि त्याचा गुण यायला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. कोर्टावर परततानाही आधी नेटजवळून हलके फोरहँड, मग बॅकहँड, आणि पूर्ण जोराची सर्व्हिस सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा लागतो.